व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री : तीन रकान्यांच्या तक्त्याची परीक्षा

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकाच्या शेवटी छापलेला तीन रकान्यांचा तक्ता तुमच्या ओळखीचा असेल. पहिल्या रकान्यात गो, दुसऱ्यात वेंट, तिसऱ्यात गॉन. आपल्याकडे या रकान्यांना व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री म्हणतात. तुम्ही पुण्यात शिकलात, इंदूरला शिकलात, बडोद्याला किंवा बेळगावात, हा तक्ता कुठेच चुकत नाही. मीही तो पाठ केला होता, आणि इयत्ता सातवीत अ पासून झेड पर्यंत न अडखळता म्हणून दाखवला म्हणून पेन मिळवले होते. या टिपणात त्या तक्त्याकडे मी एक पाठ्यसाहित्य म्हणून पाहणार आहे. म्हणजे तो काय शिकवतो, काय लपवतो, आणि आपल्या खऱ्या चुकांवर त्याचा किती उपयोग होतो, हे तपासणार आहे.

आधी एक कबुली. मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. विद्युत यंत्रे शिकवतो, आणि दरवर्षी प्रकल्प अहवालांचे गठ्ठे वाचतो. या विषयात मी ओढला गेलो तो एका मुलाखतीमुळे.

शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी होता. सुट्टीत गावाकडच्या दुकानात बसून जळालेल्या मोटारी स्वतः भरायचा. तांब्याची तार, स्लॉट, इन्सुलेशन पेपर, वार्निश, सगळे त्याला हाताने माहीत. आम्ही सरावासाठी मुलाखत घेतली आणि विचारले, प्रशिक्षणात काय केलेस? तो म्हणाला, ‘आय...’ आणि थांबला. मग ‘आय हॅव...’, मग ‘आय हॅड...’, आणि मग गप्प. बाहेर आल्यावर मी विचारले तेव्हा म्हणाला, ‘सर, वाइंडचं व्ही-टू आठवत नव्हतं. वाइंडेड की वूंडेड?’ तक्ता त्याला पाठ होता. पण वाइंड डब्ल्यूवर येते, तक्त्याच्या अगदी शेवटच्या ओळींत, आणि तिथपर्यंत मनातल्या मनात उतरेपर्यंत मुलाखत संपली होती.

उत्तर वाउंड असे आहे. ‘आय वाउंड द कॉइल.’ वूंडेड म्हणजे जखमी, आणि ते वेगळेच क्रियापद आहे. आमच्या विभागात ‘द कॉइल वॉज वूंडेड’ हे वाक्य दर दोन-तीन अहवालांमागे एकदा भेटते. वाचताना हसू येते, पण त्या मुलाची मुलाखत आठवली की येत नाही.

आता तक्त्याकडे वळू. त्याची पहिली खोट म्हणजे वर्णानुक्रम. वर्णानुक्रम शब्दकोशात शोभतो, कारण तिथे आपण शब्द शोधायला जातो. पाठ करायच्या यादीत तो काहीच सांगत नाही. फाइंड एफ मध्ये, ग्राइंड जी मध्ये, बाइंड बी मध्ये आणि वाइंड डब्ल्यू मध्ये अशी चार भावंडे चार गावांना पाठवली आहेत. एकत्र ठेवून पाहा : बाइंड–बाउंड, फाइंड–फाउंड, ग्राइंड–ग्राउंड, वाइंड–वाउंड. चौघांचाही दुसरा आणि तिसरा रकाना एकच. हे एकदा दिसले की वाइंड आठवण्यासाठी यादी उतरावी लागत नाही. फाउंड तर सगळ्यांच्याच तोंडी असते, त्याच्या हाताला धरून वाउंड येते. माझ्या त्या विद्यार्थ्याला फाउंड नक्की येत होते.

अशी घराणी बरीच आहेत. कीप–केप्ट, स्लीप–स्लेप्ट, स्वीप–स्वेप्ट, फील–फेल्ट, डील–डेल्ट, मीन–मेंट : दीर्घ स्वर आखूड होतो आणि शेवटी ट लागतो. बेंड–बेंट, सेंड–सेंट, स्पेंड–स्पेंट, बिल्ड–बिल्ट : शेवटचा ड जाऊन ट येतो. या शेवटच्या घराण्यात एक हरवलेला माणूसही आहे. वेंट हे गो चे मूळ रूप नव्हेच. ते वेंड या जुन्या क्रियापदाचे भूतकाळी रूप, सेंड–सेंट सारखेच वेंड–वेंट. गो ने आपले जुने भूतकाळी रूप सोडले आणि हे शेजारचे उचलले. तक्त्यात गो–वेंट–गॉन ही ओळ वाचताना वाटते की कोणीतरी लहर आली म्हणून तसे ठरवले. तसे नाही.

आणखी एक घराणे आपल्या कामाचे आहे. कट, पुट, सेट, हिट, शट, कॉस्ट, स्प्लिट, स्प्रेड, कास्ट. यांची तिन्ही रूपे सारखी, आणि सगळ्यांच्या शेवटी ट किंवा ड आहे. बांधकाम विभागाच्या अहवालांत ‘द स्लॅब वॉज कास्टेड’ सर्रास दिसते. ‘वॉज कास्ट’ हवे. उलट दिशेची चूकही होते. शेवटी ट असला की सगळेच बदलत नाही असे नव्हे. टेस्ट चे टेस्टेड, हीट चे हीटेड. घराण्याने अंदाज मिळतो, हमी नाही.

जुन्या पुस्तकांत याहून बरी व्यवस्था होती हे मान्य केले पाहिजे. रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकात क्रियापदांचे स्ट्राँग आणि वीक असे भाग केलेले तुम्हाला आढळतील. ही विभागणी याकोब ग्रिम या जर्मन भाषाशास्त्रज्ञाची. भावासोबत परीकथा जमवणारा तोच हा. जे क्रियापद आतला स्वर बदलून भूतकाळ दाखवते ते स्ट्राँग, सिंग–सँग सारखे. ज्याला बाहेरून ड किंवा ट चा टेकू लागतो ते वीक. त्या हिशेबाने कीप–केप्ट अनियमित असूनही वीकच ठरते. विभागणी पटो न पटो, तिच्यामागे एक विचार होता. आज शिकवणी वर्गांत जी झेरॉक्स वाटली जाते तिच्यात विचार गळाला आणि रकाने उरले. काही ठिकाणी तर ते व्ही-फाइव्ह पर्यंत वाढले आहेत. गोज आणि गोइंग यांनाही रकाना मिळाला.

दुसरी खोट याहून मोठी आहे. तक्त्यातली प्रत्येक ओळ सारख्याच टायपात छापलेली असते. अबाइड–अबोड, चाइड–चिड, क्लीव्ह–क्लोव्ह यांना जेवढी जागा, तेवढीच डू–डिड–डन ला. हे म्हणजे सुटे भाग विकणाऱ्याने दर तासाला लागणारा नट आणि दहा वर्षांत एकदा लागणारे गिअर एकाच फळीवर मांडण्यासारखे आहे. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदे घेतली तर दहाही अनियमित निघतात : बी, हॅव, डू, गो, से, कॅन, विल, सी, टेक, गेट. यात योगायोग नाही. २००७ साली ‘नेचर’ मध्ये एरेझ लीबरमन, जाँ-बाप्टिस्ट मिशेल आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. त्यांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदे घेतली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली १४५ अनियमित राहिली होती, आज ९८ आहेत. बाकीची ‘एड’ च्या रांगेत जाऊन बसली. हेल्प त्यांतलेच, एकेकाळी त्याचाही स्वर बदलत असे. वापराशी असलेले नातेही त्यांनी मोजले : एखादे क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभरपट कमी वापरात असेल तर ते दहापट वेगाने नियमित होते. वर्गमूळाचे नाते आहे हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

म्हणजे अनियमित रूपे टिकतात ती रोजच्या तोंडात असतात म्हणून. मराठीतही हेच आहे, फक्त आपल्याला कोणी तक्ता दिला नाही. सरणे–सरला, चरणे–चरला, भरणे–भरला, धरणे–धरला. पण करणे–केला आणि मरणे–मेला. जाणे–गेला, येणे–आला, होणे–झाला, देणे–दिला, घेणे–घेतला, खाणे–खाल्ला. सगळी रोजची. हिंदीतही करना–किया, जाना–गया, होना–हुआ. तुम्ही ‘मी करलो’ असे म्हणत नाही, आणि ‘केले’ कोणत्या यादीत कितव्या क्रमांकावर होते हेही आठवत नाही. वाक्यांतून हजारदा ऐकून ते आले आहे.

कोणी म्हणेल, मग तक्ताच बरोबर, कारण अनियमित रूपे शेवटी स्मरणातच असतात. या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याच्यावर मोठा वाद झालेला आहे. संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांना तो खास रुचेल. १९८६ मध्ये रुमेलहार्ट आणि मॅक्लेलँड यांनी एक न्यूरल नेटवर्क तयार केले आणि त्याला इंग्रजी क्रियापदे व त्यांचे भूतकाळ यांच्या जोड्या शिकवल्या. कोणताही नियम न लिहिता ते बऱ्याच क्रियापदांचे बरोबर भूतकाळ देऊ लागले. १९८८ मध्ये पिंकर आणि प्रिन्स यांनी त्यावर कडक टीका केली. मेल या साध्या क्रियापदाचे त्या नेटवर्कने ‘मेंबल्ड’ केले होते, हे त्यांनीच दाखवले. त्यांचे म्हणणे, नियमित रूपांसाठी डोक्यात नियम असतो आणि अनियमित रूपे स्मरणात साठवलेली असतात. न्यूरल नेटवर्कवरचा हा वाद आजच्या चॅटबॉटच्या कितीतरी आधीचा, आणि तो पेटला तो या ‘वेंट’-‘केप्ट’ वरून. कोण बरोबर हा निवाडा मी करणार नाही. पण दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे : स्मरणातही सारखी रूपे एकमेकांना ओढतात. फ्लिंग–फ्लंग, क्लिंग–क्लंग, स्विंग–स्वंग एकमेकांना धरून असतात. वर्णानुक्रम नेमकी हीच ओढ तोडतो. स्मरणाच्या बाजूनेही तक्ता वाईट तक्ताच आहे.

तरीही आतापर्यंतच्या दोन्ही खोटी मी माफ केल्या असत्या. तिसरी करता येत नाही. तक्ता रूपे देतो, पण ती कुठे वापरायची ते सांगत नाही. आणि आपल्या बहुतेक चुका रूपाच्या नाहीतच, जागेच्या आहेत.

गेल्या सत्रातले अहवाल तपासताना मी क्रियापदांच्या चुका एका वहीत उतरवल्या. ही काही पाहणी नव्हे, एका शिक्षकाची वही आहे. ‘वाइंडेड’, ‘कास्टेड’ अशा रूपाच्या चुका थोड्या. बाकी पाने भरली ती अशांनी : ‘वी डिड नॉट गॉट द आउटपुट’, ‘डिड यू वेंट’, ‘रीडिंग्ज वेअर टुक’, ‘द मोटर हॅज बिकेम हॉट’, ‘वी वाँटेड टू फाउंड द एरर’. यांत गॉट, वेंट, टुक, बिकेम, फाउंड ही सगळी रूपे तक्त्याप्रमाणे अचूक आहेत! तक्त्याची परीक्षा घेतली तर या मुलांना पैकीच्या पैकी गुण मिळतील. चूक ती रूपे जिथे बसवली तिथे आहे.

ही चूक का होते ते आपल्याच भाषेत पाहा. ‘मी गेलो.’ नकार करा : ‘मी गेलो नाही.’ प्रश्न करा : ‘तू गेलास का?’ भूतकाळ क्रियापदावरच राहिला. हिंदीतही ‘मैं नहीं गया’. त्यामुळे ‘आय डिड नॉट वेंट’ आपल्या कानाला रास्त वाटते; डिड नॉट म्हणजे ‘नाही’ आणि वेंट म्हणजे ‘गेलो’. इंग्रजीत मात्र डिड हा नकाराचा भाग नसून भूतकाळाचा हमाल आहे. ओझे त्याने उचलले की पुढचे क्रियापद मोकळे होते आणि मूळ रूपात येते : डिड नॉट गो. माझ्या वर्गात कन्नड आणि तेलुगू बोलणारी मुलेही असतात. कन्नडमध्ये ‘तो गेला’ म्हणजे ‘होद’, पण ‘गेला नाही’ म्हणजे ‘होगलिल्ल’. नकारात भूतकाळाचे रूप जाते. तेलुगूतही ‘वेळ्ळलेदु’ तसेच. त्यांना निदान नकाराची ही कल्पना घरचीच आहे, हे त्यांना कोणी दाखवून देत नाही एवढेच.

आणि मराठीलाही ती अगदीच परकी नाही. ‘मी जाऊ शकलो नाही’ हे वाक्य घ्या. भूतकाळ कोणी वाहिला? शकलो ने. म्हणून जाऊ मोकळे राहिले. ‘मी गेलो शकलो नाही’ असे लहान मूलही म्हणणार नाही. डिड ला शकलो च्या जागी बसवा, आणि ‘डिड नॉट वेंट’ तुम्हाला ‘गेलो शकलो’ इतकेच विचित्र वाटू लागेल. माझ्या वर्गात या एका तुलनेने जे काम केले ते तक्त्याच्या दहा पाठांतरांनी केले नव्हते. ‘वाँटेड टू फाउंड’ चा इलाजही हाच : ओझे वाँटेड ने उचलले आहे, टू नंतर फाइंड.

तिसऱ्या रकान्याची गोष्ट वेगळी. मराठीत ‘गेलो’, ‘गेलो आहे’, ‘गेलो होतो’ यांत गेलो एकच. म्हणून वेंट आणि गॉन हे दोन कशाला, हा प्रश्नच आपल्या कानाला पडत नाही, आणि ‘हॅज बिकेम’ निसटते. इथे दिलासा असा की इंग्रजीतही बऱ्याच क्रियापदांचे दुसरे आणि तिसरे रूप एकच असते : मेड, सेड, फाउंड, केप्ट, सेंट, बिल्ट. त्यांच्यावर वेळ घालवू नका. जिथे ती वेगळी होतात तेवढीच शिकायची. त्यांतही तुमच्या लेखनाला लागणारी मोजकी आहेत : टेकन, गिव्हन, शोन, ड्रॉन, रिटन, ड्रिव्हन, चोझन, ब्रोकन, बिगन, डन, सीन, नोन. यातली अर्धी तुम्ही रोज म्हणता, ड्रिव्हन गिअर आणि इव्हेंट-ड्रिव्हन प्रोग्रामिंग म्हणताना. ते व्ही-थ्री आहे हे कोणी सांगितलेले नसते. गंमत अशी की प्रयोगवही जवळजवळ सगळी कर्मणी प्रयोगात लिहिली जाते. ‘रीडिंग्ज वेअर टेकन’, ‘द ग्राफ वॉज ड्रॉन.’ म्हणजे लिहिताना तुम्हाला तिसरा रकाना लागतो आणि मुलाखतीत ‘आय टुक, आय वाउंड’ असा दुसरा. हे कामाचे विभाजन कोणत्याही तक्त्याच्या डोक्यावर छापलेले मी पाहिलेले नाही.

अर्थभेदाच्या जोड्यांबाबतही तक्ता गप्प असतो. फाइंड चे फाउंड, पण फाउंड हे स्वतंत्र क्रियापदही आहे, स्थापना करणे या अर्थाचे, आणि त्याचे फाउंडेड. ‘इट वॉज फाउंडेड दॅट द करंट इन्क्रीज्ड’ या वाक्यात करंटवर संस्था स्थापन होते. ले–लेड–लेड म्हणजे अंथरणे किंवा टाकणे. पाइप टाकले म्हणजे ‘लेड’. लाय–ले–लेन म्हणजे पडून असणे, आणि खोटे बोलणे या अर्थाचे लाय मात्र लाइड. हँग चे हंग, पण फाशी दिले असेल तर हँग्ड. आपल्याकडे फोन रोज ‘हँग्ड’ होतो. बोलण्यात चालते, अहवालात सिस्टिम ‘हंग’ लिहा.

तक्त्याच्या बाजूने एक सांगितले पाहिजे. लेखन आणि उच्चार यांची फारकत जिथे आहे तिथे तो डोळ्यांना उपयोगी पडतो. रीड चे भूतकाळी रूप लिहायला तेच, वाचायला रेड. उलट लीड चे लेड लिहिताना ए गळतो. धातूचे शिसे उच्चाराला तसेच, पण त्यात ए असतो. ‘शी लेड द टीम’ लिहिताना अनेकांच्या हातून शिसे पडते. हे नुसते ऐकून कळणार नाही, पाहावेच लागेल.

माझ्या मते तक्ता फेकून द्यायची गरज नाही, पण त्याने शेवटी, शब्दकोशाच्या जागी राहावे. आधी आपला एखादा जुना अहवाल काढा. डिड, डिड नॉट, टू यांच्या पुढे आलेली क्रियापदे पेन्सिलने गोल करा, मग हॅज, हॅव, हॅड, वॉज, वेअर यांच्या पुढची. पहिल्या गोलात मूळ रूप आहे का आणि दुसऱ्यात तिसरे, किंवा काम चालू असल्याचे ‘इंग’ वाले, एवढेच पाहा. त्यानंतर आपल्या शाखेची वीस-पंचवीस क्रियापदे घराण्यांनुसार मांडा आणि प्रत्येकाचे एक वाक्य करा, स्वतः केलेल्या कामाचे. विद्युतवाल्यांनी वाइंड पासून सुरुवात करावी, यंत्रवाल्यांनी ग्राइंड आणि स्पिन पासून, बांधकामवाल्यांनी कास्ट, ले आणि बेंड पासून.

आता राहिले परीक्षकांविषयी, म्हणजे माझ्याविषयी. उत्तरपत्रिका तपासणारे आम्हीही याच तक्त्यावर वाढलो आहोत, आणि तो प्रत्येक खान्यात बहुधा एकच रूप देतो. लर्न्ट आणि लर्न्ड, बर्न्ट आणि बर्न्ड, स्पेल्ट आणि स्पेल्ड, ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. एक ब्रिटनमध्ये जास्त दिसते, दुसरे अमेरिकेत. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने पॅकेट ‘ब्रॉडकास्टेड’ असे लिहिले होते. मी कास्ट चे घराणे आठवून लाल रेघ ओढली आणि अर्धा गुण कापला. तो उत्तरपत्रिका घेऊन आला तेव्हा त्याला घराणेही समजावून सांगितले, मोठ्या उत्साहाने. पुढे कधीतरी मेरियम-वेब्स्टर उघडला तर तिथे ब्रॉडकास्ट आणि ब्रॉडकास्टेड ही दोन्ही रूपे दिलेली होती. तोपर्यंत तो उत्तीर्ण होऊन नोकरीला लागला होता. मी त्याला निरोप पाठवून चूक कळवली. त्याचे उत्तर एका ओळीचे आले : सर, तेव्हापासून मी ‘सेंट’ लिहितो.